पूर्ण सेकंदांचा फरक: नेटवर्कवर घड्याळे जुळवताना टाइमस्केलचा हिशेब कसा सांभाळावा

नाशिकच्या अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात बिघाडाची चौकशी सुरू होते आणि दोन यंत्रणांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या जातात. एका नोंदीप्रमाणे वीज तोडणारा ब्रेकर ११:४१:३० वाजता उघडला, आणि दुसऱ्या नोंदीप्रमाणे तो उघडण्याचा आदेश बिघाड ओळखणाऱ्या रिलेने ११:४२:०७ वाजता दिला. परिणाम आधी आणि कारण नंतर. अशा वेळी नेटवर्कवर खापर फोडले जाते, सर्व्हर बदलला जातो, किंवा रिलेच्या सेटिंगमध्ये वजा ३७ टाकून विषय मिटवला जातो. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि तिसरी सर्वांत घातक, कारण तिच्यामुळे आजचा फरक दिसेनासा होतो आणि पुढच्या फर्मवेअर (उपकरणात कोरलेले सॉफ्टवेअर) अपडेटनंतर तोच फरक उलट दिशेने उगवतो.

बरोबर ३७ सेकंदांचा फरक म्हणजे घड्याळ बिघडलेले नसते. दोन घड्याळे दोन वेगवेगळ्या टाइमस्केलवर, म्हणजे वेळ मोजण्याच्या पद्धतींवर, अचूक चाललेली असतात आणि त्यांच्यामधले रूपांतर कोणीच केलेले नसते, किंवा दोघांनी केलेले असते. म्हणून पुढील सर्व टप्प्यांत एकच नियम पाळायचा आहे: प्रत्येक मार्गावर रूपांतर नेमके एका ठिकाणी, एकदाच व्हावे, आणि ते ठिकाण कागदावर लिहिलेले असावे. आदेशांची व पर्यायांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर टंकताना ती मूळ लिपीतच टंकावीत.

## पूर्वतयारी: जवळ ठेवायचे आकडे

संगणकाचे घड्याळ आणि एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याचा नेहमीचा प्रोटोकॉल, हे दोन्ही यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ, धरून चालतात. पीटीपी, म्हणजे आयईईई १५८८, हा त्याहून अचूक प्रोटोकॉल मूळ व्यवस्थेत टीएआय, म्हणजे लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी यूटीसीत अधूनमधून घातलेला जादा सेकंद) नसलेली आंतरराष्ट्रीय अणुवेळ, वाहून नेतो. टीएआय ही यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे आणि हा आकडा १ जानेवारी २०१७ पासून बदललेला नाही. जीपीएसची वेळ टीएआयच्या कायम १९ सेकंद मागे असते, त्यामुळे आज ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. आपल्या नाविक उपग्रहांची व युरोपच्या गॅलिलिओची वेळही यूटीसीच्या १८ सेकंदच पुढे धरावी. चीनच्या बैदूची वेळ मात्र १ जानेवारी २००६ पासून मोजली जाते, म्हणून ती केवळ ४ सेकंद पुढे आहे. आणि रशियाची ग्लोनास यूटीसीबरोबर लीप सेकंद पाळते, फक्त ३ तास पुढे राहून.

भारतीय प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी अधिक ५ तास ३० मिनिटे, अर्थात १९,८०० सेकंद, हे टाइमस्केल नाही. तो दाखवण्याचा भाग आहे. एनटीपीच्या पॅकेटमध्ये वेळ-विभागाची माहिती नसतेच, त्यामुळे ‘आमचा एनटीपी सर्व्हर आयएसटी देतो’ असे कोणी म्हटले, तर एक तर त्याचा समज चुकला आहे, नाही तर त्याचा सर्व्हर.

## टप्पा १: घड्याळांची यादी करा

प्रत्येक उपकरणासाठी एका ओळीत पाच गोष्टी लिहा: ते वेळ कोणाकडून घेते, कोणत्या मार्गाने घेते (एनटीपी, पीटीपी, इरिग-बी म्हणजे केबलवरून येणारा वेळ-संकेत, सिरियल केबलवरचा एनएमईए म्हणजे जीपीएस रिसीव्हरचा संदेश), त्या मार्गावरून कोणत्या टाइमस्केलची वेळ येते, उपकरणाच्या आत कोणत्या टाइमस्केलची वेळ असायला हवी, आणि या दोहोंमधले रूपांतर कोण करते. पाचव्या रकान्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. तो रिकामा राहिला किंवा त्यात दोन नावे आली, तर दोष प्रत्यक्ष मोजण्याआधीच सापडला असे समजा.

यादीत जी घड्याळे सहज निसटतात, ती आधी लिहा. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचे यंत्र, शीतगृहाचा तापमान नोंदवणारा लॉगर, व्हर्च्युअल मशीनचा यजमान संगणक, आणि नेटवर्क कार्डाच्या आत असलेले स्वतंत्र हार्डवेअर घड्याळ. हे शेवटचे घड्याळ बहुतेकांच्या गावीही नसते. पीटीपीला हार्डवेअर टाइमस्टॅम्प (पॅकेटवर वेळेचा शिक्का) देणाऱ्या कार्डावर ते असते, ते संगणकाच्या घड्याळापासून स्वतंत्रपणे चालते, आणि निम्म्या घोटाळ्यांचे मूळ तेथेच असते.

तपासणी: यादीत ‘माहीत नाही’ असा एकही शेरा शिल्लक असेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. त्या उपकरणाची पुस्तिका उघडा किंवा टप्पा २ मधील मोजमाप त्याच्यावरच आधी करा.

## टप्पा २: मोजा, पण अजून काहीही दुरुस्त करू नका

या टप्प्यावर घड्याळ बदलणारा कोणताही आदेश चालवायचा नाही. लिनक्सवर ‘क्रॉनीडी’ हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम मोठ्या ‘क्यू’ पर्यायाने आणि सर्व्हरचे नाव देऊन चालवला, तर तो फरक मोजून सांगतो आणि घड्याळाला हात लावत नाही. छोटा ‘क्यू’ मात्र घड्याळ बदलतो, म्हणून अक्षर पाहून टंका. विंडोजवर ‘डब्ल्यू३२टीएम’चा ‘स्ट्रिपचार्ट’ पर्याय हेच काम करतो. कार्डावरचे घड्याळ संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहायचे असेल, तर ‘पीएचसी अंडरस्कोअर सीटीएल’ या साधनाचा ‘सीएमपी’ आदेश वापरावा.

आता आकडा वाचा. फरक सेकंदाच्या अंशात असेल, मिलिसेकंद-मायक्रोसेकंदांत हलत असेल, तर तो नेटवर्कचा विलंब किंवा घड्याळाचा बहकलेपणा आहे आणि हा लेख त्यासाठी नाही. फरक पूर्ण सेकंदांचा असेल आणि तासभर तसाच राहत असेल, तर तो टाइमस्केलचा आहे. असा आकडा बहुतेक वेळा स्वतःच आपले कूळ सांगतो.

३७ दिसले, तर टीएआय कुठे तरी रूपांतराविना यूटीसी म्हणून स्वीकारली गेली आहे. १८ दिसले, तर जीपीएसची वेळ तशीच पुढे आली आहे. १९ दिसले, तर एक बाजू टीएआयवर आणि दुसरी जीपीएसवर आहे, म्हणजे दोन्ही बाजू चुकीच्या असण्याची शक्यता आहे. येथे एक बाजू दुसरीशी जुळवून समाधान मानणाऱ्याला यूटीसी भेटतच नाही. ७४ किंवा ३६ दिसले, तर चिन्हाची चूक आहे: वजा करायचे ते अधिक केले, त्यामुळे फरक दुप्पट झाला.

१ किंवा २ सेकंदांचा फरक सर्वांत फसवा, कारण तो सुरुवातीच्या धावपळीतला वाटतो आणि दुर्लक्षित राहतो. तो बहुधा जुन्या लीप सेकंद तक्त्यातून येतो. टीएआय आणि यूटीसी यांतील फरक १ जुलै २०१२ पासून ३५, १ जुलै २०१५ पासून ३६ आणि १ जानेवारी २०१७ पासून ३७ झाला. ज्या उपकरणाचे फर्मवेअर २०१४ मध्ये गोठले, ते आजही ३५ वजा करते आणि २ सेकंद पुढे राहते. याच न्यायाने ४ किंवा १४ दिसल्यास रिसीव्हर बैदूचे उपग्रह वापरतो का, ते पाहावे.

मोठे आकडेही ओळखता यावेत. १९,८०० म्हणजे स्थानिक वेळ यूटीसी म्हणून घेतली गेली. ३९,६०० म्हणजे साडेपाच तास दोनदा मिळवले गेले. ७,१६८ दिवसांनी मागे गेलेली तारीख म्हणजे जीपीएसच्या १,०२४ आठवड्यांच्या मोजणीचा फेरा जुन्या रिसीव्हरला कळलेला नाही. तो फेरा यापूर्वी ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये पूर्ण झाला, आणि पुढचा नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. २,२०८,९८८,८०० सेकंद हा १९०० आणि १९७० या दोन प्रारंभांमधला फरक आहे, एनटीपीची मोजणी आणि युनिक्सची मोजणी यांची गल्लत झाल्यावर दिसणारा. स्वतः प्रोग्रॅम लिहून एनटीपी पॅकेट उलगडणाऱ्यांनाच हा सहसा भेटतो.

खबरदारी: एकाच उपकरणात दोन दोष एकत्र असू शकतात. १९,८३७ हा आकडा दिसला की तो ‘काहीतरी विचित्र’ म्हणून सोडून देऊ नका. त्यात १९,८०० आणि ३७ वेगवेगळे वाचा.

## टप्पा ३: आधी स्रोत दुरुस्त करा

दुरुस्ती वरून खाली करायची असते. स्रोत चुकलेला असताना क्लायंट, म्हणजे वेळ घेणारी उपकरणे, सुधारणे म्हणजे तेच काम पुन्हा एकदा करण्याची सोय.

स्रोत जीपीएस घड्याळ असेल, तर प्रथम त्याला आकाश दिसते का ते पाहा. पत्र्याच्या शेडखाली, खिडकीच्या गजाला टांगलेल्या अँटेनाला दोन-तीन उपग्रह मिळतात आणि ‘लॉक’चा, म्हणजे उपग्रहांची वेळ पक्की मिळाल्याचा, दिवा कधी लागतो, कधी विझतो. अँटेना पत्र्याच्या वर, मोकळ्या आकाशाखाली, आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या तडितरोधकासह बसवावी आणि केबलचा जोड पावसाळ्याआधी जलरोधक टेपने बंद करावा. हे विषयांतर वाटेल, पण पुढचा मुद्दा यावरच अवलंबून आहे.

जीपीएसचे उपग्रह आपली वेळ सतत सांगतात, पण तिच्यातून किती सेकंद वजा केले की यूटीसी मिळते ही माहिती मात्र दर १२.५ मिनिटांनी एकदाच प्रसारित करतात. बराच काळ बंद असलेला रिसीव्हर सुरू झाल्यावर ही माहिती हाती येईपर्यंत फर्मवेअरमध्ये कोरलेला जुना आकडा वापरतो. तो आकडा १६ असेल, तर पहिली काही मिनिटे घड्याळ २ सेकंद पुढे राहते, आणि मग अचानक उडी मारून जागेवर येते. देखभालीसाठी वीज बंद ठेवली आणि परत आली, सगळे संगणक एकदम चालू झाले, त्यांनी याच पहिल्या काही मिनिटांत वेळ उचलली, आणि मग ‘दर सुट्टीनंतर वेळ बिघडते’ अशी तक्रार सुरू झाली, हा प्रकार अनेक ठिकाणी घडतो. सिग्नल अडखळत असेल, तर १२.५ मिनिटांतली ती एक संधीही हुकते आणि प्रतीक्षा लांबते.

त्यानंतर घड्याळाच्या सेटिंगमध्ये प्रत्येक आउटपुटचे टाइमस्केल वेगवेगळे तपासा. एनटीपी आउटपुट यूटीसीवरच हवे. पीटीपी आउटपुट टीएआयवर हवे. इरिग-बी आउटपुटला यूटीसी किंवा स्थानिक वेळ असा पर्याय असतो. तेथे स्थानिक वेळ निवडली असेल, तर रिलेमधला वेळ-विभाग शून्य ठेवावा लागतो, नाही तर साडेपाच तास दोनदा मिळवले जातात. माझ्या मते इरिग-बीवरही यूटीसीच ठेवावी आणि साडेपाच तास रिलेने मिळवावेत, म्हणजे सर्व मार्गांवर एकच शिस्त राहते. पण जुने रिले वेळ-विभागाचे सेटिंग देत नसतील, तर उलट करण्याला पर्याय नसतो. तसे केले, तर यादीत ठळक अक्षरांत लिहा.

स्रोत बाहेरचा एनटीपी सर्व्हर असेल, तर काम सोपे आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि शासकीय संस्था यांनी एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी घड्याळे जुळवायची आहेत. एकच सर्व्हर देऊ नका, आणि दोनही देऊ नका: दोघांत मतभेद झाला, तर खोटा कोण हे क्लायंटला ठरवता येत नाही. किमान तीन, शक्य तर चार द्यावेत.

खबरदारी: लीप सेकंद दिवसभर पसरवून लपवणारे सर्व्हर आणि तो सरळ पाळणारे सर्व्हर एकत्र मिसळू नका. गूगलचा सार्वजनिक सर्व्हर यूटीसीच्या दुपारी बारापासून दुसऱ्या दुपारी बारापर्यंत २४ तासांत तो सेकंद पसरवतो. एरवी दोन्ही प्रकारांत काहीही फरक दिसत नाही, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे झोपून राहते. लीप सेकंदाच्या दिवशी मात्र फरक अर्ध्या सेकंदापर्यंत जातो.

तपासणी: स्रोत बंद करून पुन्हा चालू करा, पूर्ण लॉक झाल्यानंतर १५ मिनिटे थांबा, आणि मगच बाहेरच्या एका स्वतंत्र एनटीपी सर्व्हरशी ताडून पाहा. फरक सेकंदाच्या छोट्या अंशात असल्याशिवाय खाली उतरू नका.

## टप्पा ४: पीटीपीची सीमा ठरवा

पीटीपीचा ग्रँडमास्टर, म्हणजे सर्वांना वेळ देणारे मुख्य घड्याळ, टीएआय पाठवतो आणि सोबत ‘यूटीसीपेक्षा ३७ ने पुढे’ ही सूचना जोडतो. त्या सूचनेबरोबर आणखी दोन खुणा असतात: हा ३७ विश्वासार्ह आहे का, आणि पाठवलेली वेळ खरोखर पीटीपीच्या टाइमस्केलवर आहे की मनमानी प्रारंभावर. ‘पीएमसी’ या साधनाने ‘टाइम प्रॉपर्टीज डेटा सेट’ मागवला की तिन्ही गोष्टी एकाखाली एक दिसतात. आकडा ३७ असून विश्वासार्हतेची खूण ० असेल, तर ग्रँडमास्टरला जीपीएसकडून अजून काही कळलेले नाही आणि तो आठवणीतला आकडा सांगतो आहे. आकडा आज बरोबर असला, तरी ही खूण ० ठेवून काम पुढे नेऊ नका.

नेटवर्क कार्डावरचे घड्याळ टीएआयवर आणि संगणकाचे घड्याळ यूटीसीवर, ही आपली सीमा. हार्डवेअर टाइमस्टॅम्प वापरत असाल, तर ‘पीटीपी४एल’ हा लिनक्स प्रोग्रॅम कार्डावरचे घड्याळ चालवतो आणि ‘पीएचसी२सिस’ हा दुसरा प्रोग्रॅम तेथून संगणकाच्या घड्याळात वेळ आणताना ३७ वजा करतो. ‘पीएचसी२सिस’ला लहान ‘डब्ल्यू’ पर्याय दिला, तर तो ‘पीटीपी४एल’ जुळेपर्यंत थांबतो आणि ३७ हा आकडा ग्रँडमास्टरच्या सूचनेतून स्वतः घेतो. मोठा ‘ओ’ पर्याय देऊन वजा ३७ हाताने लिहिला, तर तो आकडा तेथेच गोठतो. हाताने लिहिणे केवळ तेव्हाच करावे, जेव्हा ग्रँडमास्टर ही सूचना चुकीची देतो आणि त्याचे फर्मवेअर बदलणे आपल्या हाती नसते.

दिशा उलट असेल, म्हणजे संगणक एनटीपीवरून वेळ घेऊन पीटीपीवर पुढे देत असेल, तर चिन्हही उलटते. कार्डाच्या घड्याळात ३७ मिळवावे लागतात. ७४ चा फरक बहुतेक वेळा येथे जन्माला येतो, कारण एका सर्व्हरची सेटिंग फाइल दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवली जाते आणि दिशा बदलली आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. अशा सर्व्हरवर विश्वासार्हतेच्या खुणाही ‘पीएमसी’मधून स्वतः भराव्या लागतात, त्या आपोआप भरल्या जात नाहीत.

येथे एक खोल खड्डा आहे. काही नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर सुरू होताना कार्डाच्या घड्याळात संगणकाची वेळ भरतात, म्हणजे यूटीसी. काही १९७० पासून मोजायला लागतात. आता मुख्य ग्रँडमास्टर बंद पडला आणि नियमाप्रमाणे राखीव लिनक्स सर्व्हरने जागा घेतली. त्याच्या कार्डावर टीएआय कधी भरलीच नसेल, तर तो यूटीसीलाच टीएआय म्हणून सांगू लागतो, खालची सर्व यंत्रे प्रामाणिकपणे ३७ वजा करतात, आणि सगळा कारखाना एकदम ३७ सेकंद मागे जातो. सगळी घड्याळे आपसात जुळलेली असल्यामुळे कोणताही इशारा वाजत नाही. १९७० वाली कार्डे त्या मानाने बरी. ती निदान आरडाओरड तरी करतात.

तपासणी: कामाच्या वेळेबाहेर मुख्य ग्रँडमास्टरची केबल काढा, राखीव सर्व्हर ताबा घेईपर्यंत थांबा, आणि एका क्लायंटची वेळ बाहेरच्या एनटीपी सर्व्हरशी ताडून पाहा. ही चाचणी न करता राखीव सर्व्हरला ‘राखीव’ म्हणू नये.

खबरदारी: सॉफ्टवेअर टाइमस्टॅम्पिंगमध्ये ‘पीटीपी४एल’ थेट संगणकाचेच घड्याळ चालवतो. तेथे ‘पीएचसी२सिस’ लावू नका.

## टप्पा ५: क्लायंट जुळवा

एका घड्याळाला एकच चालक. ‘क्रॉनीडी’ आणि ‘पीएचसी२सिस’ दोघेही संगणकाचे घड्याळ ओढत असतील, आणि दोघांच्या मते यूटीसी ३७ सेकंदांनी वेगळी असेल, तर घड्याळ त्यांच्यात हेलकावे खात राहते. व्हर्च्युअल मशीनमध्ये यजमानाकडून होणारी वेळजुळणी हा तिसरा चालक असतो; तो बंद करा.

कार्डाचे घड्याळ ‘क्रॉनी’लाच स्रोत म्हणून देता येते, आणि ते मला अधिक पसंत आहे, कारण शेजारी चार एनटीपी सर्व्हर ठेवले की ३७ चा घोटाळा लगेच उघडा पडतो: ‘क्रॉनीसी सोर्सेस’च्या यादीत चुकलेल्या स्रोतापुढे फुलीसारखी खूण येते. त्यासाठी ‘रेफक्लॉक’च्या ओळीत ‘टीएआय’ हा पर्याय लिहावा आणि लीप सेकंदांचा तक्ता कोठे आहे ते सांगणारी ओळ जोडावी. तक्त्याशिवाय हा पर्याय अर्धवट राहतो.

घड्याळ एका झटक्यात हलवायचे की हळूहळू, हा निर्णय आधीच घ्या. ‘क्रॉनी’मध्ये ‘मेकस्टेप १ ३’ असे असेल, तर पहिल्या तीन अद्ययावतींतच १ सेकंदापेक्षा मोठी उडी मारली जाते. त्यानंतर सापडलेले ३७ सेकंद तो हळूहळू भरून काढतो, आणि लिनक्सवरील मूळ कमाल वेगाने त्याला सुमारे साडेसात मिनिटे लागतात. तेवढा वेळ घड्याळ आठ टक्क्यांहून अधिक वेगाने किंवा संथ चालते. सेकंदामागे ५०० मायक्रोसेकंद एवढाच वेग पाळणाऱ्या उपकरणाला तेच अंतर कापायला २० तासांहून जास्त लागतात. ‘एनटीपीडी’ हा एनटीपीचा मूळ प्रोग्रॅम १,००० सेकंदांपेक्षा मोठा फरक पाहिला की काम सोडून बंदच पडतो, म्हणून १९,८०० च्या चुकीनंतर तो चालूच नसल्याचे आढळते आणि दोष भलत्याच जागी शोधला जातो.

खबरदारी: घड्याळ मागे न्यायचे असेल, तर आधी डेटाबेस आणि ठरावीक वेळी चालणारी कामे थांबवा. ३७ सेकंद मागे गेलेल्या यंत्रात तेच ३७ सेकंद दुसऱ्यांदा येतात, आणि त्या काळातल्या नोंदींचा क्रम नंतर कोणालाही लावता येत नाही. हे काम पाळी बदलताना, यंत्रे थांबलेली असताना करावे.

## टप्पा ६: वेळ-विभाग सर्वांत शेवटी

यूटीसी बरोबर आहे याची खात्री झाल्यावरच साडेपाच तासांकडे वळा. लिनक्सवर ‘एशिया/कोलकाता’ हा विभाग निवडावा. संपूर्ण देशासाठी तोच आहे, नाशिकसाठी वेगळा शोधू नये. ‘टाइमडेटसीटीएल’ची माहिती वाचताना युनिव्हर्सल टाइम आणि लोकल टाइम यांत नेमके ५ तास ३० मिनिटे हवेत, आणि मदरबोर्डवरचे घड्याळ स्थानिक विभागात नाही ना, तेही तेथेच दिसते. विंडोज मूळ व्यवस्थेत मदरबोर्डवर स्थानिक वेळ लिहितो आणि लिनक्स यूटीसी. एकाच यंत्रावर दोन्ही असतील, तर प्रत्येक वेळी साडेपाच तासांची उडी दिसते.

स्वस्त कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये वेळ-विभाग बसवण्याऐवजी घड्याळच हाताने साडेपाच तास पुढे केलेले असते. एनटीपी सुरू करताच ते मागे जाते, मग कोणीतरी एनटीपीच बंद करते. तेथे विभाग जीएमटी+०५:३० करा आणि एनटीपी चालू ठेवा. दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंगच्या तापमानाची नोंद आणि फाटकावरचा कॅमेरा यांची वेळ जुळली नाही, तर प्रथम येथेच पाहावे. पीटीपीपर्यंत जाण्याची गरज बहुधा पडत नाही.

## टप्पा ७: लीप सेकंदांचा तक्ता ताजा ठेवा

लीप सेकंद घ्यायचा की नाही, हे आंतरराष्ट्रीय पृथ्वी परिवलन सेवा वर्षातून दोनदा, बुलेटिन-सी काढून जाहीर करते. संगणकावरच्या ‘लीप सेकंड्स’ यादीच्या फाइलमध्ये तिची मुदत लिहिलेली असते, आणि मुदत उलटली की काही प्रोग्रॅम इशारा देतात, काही गप्प राहतात. इंटरनेट तोडलेल्या नियंत्रण कक्षांत ही फाइल कोणी नेऊन ठेवल्याशिवाय बदलत नाही. त्यामुळे ती बदलण्याचे काम एका व्यक्तीच्या नावावर असावे.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, टीएआय आणि यूटीसी यांतील फरकाची स्वतंत्र जागा असते, आणि कोणी भरेपर्यंत तेथे ० असतो. तसे असेल, तर टीएआय मागणाऱ्या प्रोग्रॅमला यूटीसीच मिळते, तीही कोणत्याही तक्रारीशिवाय. ‘एनटीपीटाइम’ने हा आकडा पाहा, ३७ नसेल, तर ‘क्रॉनी’ला लीप तक्त्याची ओळ द्या, तो भरून टाकेल.

लीप सेकंद आला, तर तो यूटीसीच्या मध्यरात्री येतो, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेपाचला. १ जानेवारी २०१७ रोजी तो भारतीय घड्याळात ५:२९:५९ आणि ५:३०:०० यांच्या मध्ये बसला. पहाटेच्या बॅकअपची वेळ ठरवताना हे ध्यानात ठेवा. २०२२ मध्ये वजनमापांच्या सर्वसाधारण परिषदेने यूटीसी आणि पृथ्वीच्या फिरण्याची वेळ यांतील मर्यादा २०३५ पर्यंत किंवा त्याआधी वाढवण्याचा ठराव केला, म्हणून काही जण तक्ता काढून टाकायला निघाले आहेत. ते करू नये. लीप सेकंद थांबले, तरी साचलेले ३७ कुठेही जात नाहीत.

## टप्पा ८: चालू करण्याचा क्रम आणि नंतरची पहारेदारी

सर्व यंत्रणा बंद असल्यास प्रथम स्रोत चालू करा आणि पूर्ण लॉक झाल्यानंतर त्याला १५ मिनिटे द्या. मग स्विच आणि पीटीपीची सीमा सांभाळणारे सर्व्हर. मग क्लायंट. नोंदी गोळा करणारा सर्व्हर आणि डेटाबेस सर्वांत शेवटी. वीज आल्यावर सगळे एकदम चालू होत असेल, तर सर्व्हरच्या सेवांना विलंब लावा, किंवा स्रोताला स्वतंत्र यूपीएस द्या. दुसरा उपाय स्वस्त पडतो, कारण जीपीएस घड्याळ वीज फारशी खात नाही.

पहारा ठेवणारा संगणक पीटीपीच्या जाळ्याबाहेर, केवळ बाहेरच्या एनटीपी सर्व्हरवर चालणारा असावा. आतल्याच स्रोतावर चालणारा पहारेकरी आतल्या चुकीला बरोबरच म्हणणार. इशाऱ्याची मर्यादा अर्धा सेकंद ठेवा: नेटवर्कच्या नेहमीच्या हालचाली तिच्या खूप खाली राहतात आणि टाइमस्केलची प्रत्येक चूक तिच्या वर येते. इशाऱ्याच्या संदेशात फरकाचा पूर्ण आकडा चिन्हासह छापला जाईल असे करा, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला ‘वेळ चुकली’ एवढेच न दिसता ‘+३७.०००’ दिसेल, आणि टप्पा १ ची यादी त्याच टेबलाच्या काचेखाली असेल, तर कोणत्या खोलीत जायचे हेही त्याला कळेल.